कार्बोरेटर उघडण्याआधी: जुनी मारुती ८०० झटके खाते तेव्हा पेट्रोलची वाट कशी तपासावी

आमच्या घरची मारुती ८०० आहे १९९६ची. बाबांनी घेतली, आता मी सांभाळतो. काही वर्षांपूर्वी ती कुंभार्ली घाटात झटके खायला लागली. चिपळूणहून पोफळीपर्यंत सगळं सुरळीत, पण चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये गुदमरल्यासारखी व्हायची. थोडं थांबलं की पुन्हा नीट चालायची. गॅरेजमध्ये दोनदा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडला, किट बदललं, जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) साफ केले, आणि दोन्ही वेळा घाटात तोच प्रकार. शेवटी दोष सापडला टाकीजवळच्या चार बोटं लांबीच्या रबरी नळीत. तिला बारीक चिरा पडल्या होत्या. नवी नळी शंभर रुपयांच्या आत आली.

तेव्हापासून मी कार्बोरेटरला शेवटी हात लावतो. टाकीतून निघालेलं पेट्रोल ज्या वाटेने इंजिनापर्यंत येतं, त्याच क्रमाने तपासत जायचं. इथे उदाहरण कार्बोरेटरवाल्या ८००चं घेतलं आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं हे इंजिन असंख्य घरांनी पाहिलेलं आहे, आणि २०००च्या आसपास एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) येईपर्यंत त्याला कार्बोरेटरच होता. पद्मिनी असो की अ‍ॅम्बेसेडर, तपासणीचा क्रम तोच राहतो.

सुरू करण्याआधी

गाडी उघड्यावर घ्या, बंद शेडमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. त्यामुळे आसपास विडी-सिगारेट नको, देवघरातला दिवा नको, उघड्या वायरचा हँडलॅम्पही नको. एलईडी टॉर्च वापरा आणि पावडरचं अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. नळी काढण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तोंडाने पेट्रोल ओढायची जुनी सवय असेल तर ती सोडाच. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर थेट दवाखाना गाठावा लागतो.

पहिली पायरी: दोष केव्हा दिसतो ते लिहून काढा

दोन-तीन दिवस वहीत नोंद करा. गाडी थंड असताना त्रास देते की तापल्यावर? स्लोवर, म्हणजे रेस न देता उभी असताना, बंद पडते की पळताना? टाकी भरलेली असताना की रिझर्व्हला आल्यावर? या नोंदीतूनच निम्मा निकाल लागतो.

स्लोवर थरथरते, बंद पडते, पण रेस दिली की छान पळते, अशी गाडी असेल तर टाकीपासूनचा पुरवठा बहुधा ठीक असतो. दोष स्लो जेटमध्ये, सोलेनॉइडमध्ये (स्लोचं पेट्रोल चालू-बंद करणारी विजेची झडप) किंवा कुठून तरी आत शिरणाऱ्या हवेत असतो. उलट स्लोवर शांत, पण चढावर किंवा वेगात झटके, म्हणजे इंजिनाला लागेल तेवढं पेट्रोल पोहोचत नाही. फिल्टर, नळ्या, पंप आणि टाकी या बाजूला बघा. काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज ही जास्त पेट्रोल जात असल्याची खूण. चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची खुंटी) पूर्ण आत जात नसेल, एअर फिल्टर तुंबला असेल किंवा नीडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप) नीट बसत नसेल.

दुसरी पायरी: दोष पेट्रोलचा आहे की ठिणगीचा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग) तापल्यावर दगा देते, तेव्हा गाडी हुबेहूब पेट्रोल संपल्यासारखी वागते.

तिन्ही प्लग काढा आणि ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कागदावर मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. तिन्ही पांढरट असतील तर पेट्रोल कमी पडतंय, तिन्हींवर कोरडी काजळी असेल तर जास्त जातंय. एकच प्लग वेगळा दिसला, तर पुरवठ्याचा संशय जवळजवळ सोडून द्या. तिन्ही सिलिंडरना एकच कार्बोरेटर पेट्रोल देतो, त्यामुळे पुरवठा बिघडला तर तिघांवरही परिणाम दिसतो. एकट्या सिलिंडरसाठी प्लग, त्याची वायर, टॅपेट (झडपांचं अंतर) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा.

आता चोकची परीक्षा. तिला खर्च नाही आणि ती मला फार विश्वासाची वाटते. इंजिन तापलेलं आहे, गाडी झटके खाते आहे, अशा वेळी चोक अगदी थोडा ओढा. गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. पुरवठा अपुरा आहे किंवा जादा हवा आत शिरते आहे. आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. काहीच फरक पडला नाही तर ठिणगीकडे वळा.

गाडी रस्त्यातच बंद पडली तर तिथल्या तिथे एक गोष्ट करा. इग्निशन बंद करा, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटल (रेस दिल्यावर उघडणारी झडप) झटक्यात उघडा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) पेट्रोल आहे आणि गाडी ठिणगीअभावी बंद पडली असण्याची शक्यता मोठी. नाही उडाली तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठीच आहेत. हे गाडी बंद पडल्याबरोबर करायचं. अर्ध्या तासाने टोइंगवाला येईपर्यंत पुरावा निघून गेलेला असतो.

तिसरी पायरी: टाकी

टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. ही वाट काही गाड्यांत झाकणातूनच असते, काहींत वेगळी बारीक नळी असते. ती तुंबली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. वीस-पंचवीस किलोमीटर चांगली चालून मग मरगळणारी आणि थोडं थांबलं की पुन्हा चालणारी गाडी ही याची ठरलेली लक्षणं. गाडी मरगळली की झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष सापडला.

दुसरी शंका पाण्याची. कोकणात चार महिने गाडी रिकाम्या टाकीने उभी ठेवली की आत दव धरतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी शोषतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, नेमके जिथून पंप ओढतो तिथे. थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. नुसता फिल्टर बदलून आठवडाभर बरं वाटेल, पुढे परत तेच.

चौथी पायरी: नळ्या आणि फिल्टर

माझी गाडी इथेच सापडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. म्हणून या भागातल्या नळीला चीर पडली तरी थेंब खाली पडेलच असं नाही. चिरेतून हवा आत जाते. खाली वाकून बघणारा म्हणतो, ‘लीकेज नाही’, आणि तो खरंच बोलत असतो. मेकॅनिक लोक याला ‘एअर घेतंय’ म्हणतात. स्लोवर पेट्रोल थोडंच लागतं, तेव्हा ही हवा जाणवत नाही. चढावर पंप जोरात ओढतो, हवाही जास्त येते आणि फ्लोट चेंबर रिकामा होत जातो.

हे पकडायला पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर उपयोगी पडतो. इंजिन चालू ठेवून, कुणाला तरी रेस द्यायला बसवून, फिल्टरकडे बघत राहा. फिल्टर अर्धाच भरलेला दिसला म्हणून घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत तो तसाच असतो. पण बुडबुडे सतत येत असतील तर मागच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. प्रत्येक रबरी तुकडा हाताने वाकवून बघा. चिरा वाकवल्यावरच दिसतात. टाकीच्या तोंडाशी आणि लोखंडी पाइपच्या दोन्ही टोकांना असलेले छोटे तुकडे कुणी पाहत नाही, तेच आधी पाहा.

नळी बदलताना दुकानदाराकडे नुसता ‘पेट्रोल पाइप’ मागू नका. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉल गृहीत धरून बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, मग तडकतं. नळीवर ‘एसएई जे३० आर९’ असा छाप असेल तर ती घ्या. थोडी महाग पडते, पण इथेनॉलला टिकते. क्लिपाही नव्या टाका. फिल्टर संशय येताच बदलावा, साफ करत बसू नये. त्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने हवा. जुन्या टाकीत इथेनॉलवालं पेट्रोल घालायला लागलं की वर्षानुवर्षांचा चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो, तेव्हा पहिले काही महिने तो लवकर तुंबेल.

पाचवी पायरी: पंप

८००चा पेट्रोल पंप यांत्रिक आहे, कॅमशाफ्टवर चालतो. गॅरेजमध्ये त्याला ‘एसी पंप’ म्हणतात, वातानुकूलनाशी त्याचा संबंध नाही.

कॉइलची वायर काढून ठिणगी बंद करा. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी कार्बोरेटरच्या टोकाला सोडून जाड प्लास्टिकच्या बाटलीत घाला. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. प्रत्येक ठोक्याला पेट्रोलची जोरकस पिचकारी यायला हवी. नुसतं थेंब थेंब गळत असेल किंवा हवा मिसळून फसफसत असेल, तर पंप किंवा त्याच्या मागचा भाग दोषी.

दोन्हींतला नेमका कोण, ते ठरवायला टाकी वगळून बघा. पंपाकडे येणारी नळी काढा, तिच्या जागी नव्या नळीचा तुकडा जोडा आणि त्याचं दुसरं टोक जमिनीवर, इंजिनापासून लांब ठेवलेल्या पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडा. कार्बोरेटरकडची नळी बाटलीतच ठेवून पुन्हा सेल्फ मारा. या अवस्थेत गाडी रस्त्यावर न्यायची नाही. बाटलीतली धार आता जोरकस झाली आणि बुडबुडे गेले, तर दोष टाकी ते पंप यांमध्ये. तसाच राहिला तर पंप बदला.

पंपाच्या अंगावरचं बारीक छिद्रही बघा. तिथून पेट्रोल झिरपत असेल तर आतला डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) फाटला आहे. हे अंगावर काढू नका. फाटक्या डायफ्रॅममधून पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

उन्हाळ्यात, घाटात, तापलेल्या इंजिनावरच बंद पडणारी गाडी असेल तर पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ अडकलेली असू शकते. खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून पंपावर ओला फडका ठेवलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. उपाय आजही तोच. फक्त पाणी एक्झॉस्टवर ओतू नका, गरम लोखंड तडकतं. वारंवार होत असेल तर पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर बांधा आणि कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा तुकडा जागेवर आहे ना ते बघा.

सहावी पायरी: आता कार्बोरेटर

इथेही लगेच खोलायचा नाही. ८००च्या फ्लोट चेंबरवर छोटी गोल काच असते. इंजिन स्लोवर असताना पेट्रोलची पातळी त्या काचेवरच्या खुणेपाशी हवी. पातळी खाली असेल तर नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा फ्लोटची उंची चुकली आहे. वर जात असेल तर नीडल झिजलं आहे.

इग्निशन चालू-बंद करून स्लोच्या सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज ऐका. आवाज नसेल तर आधी वायर तपासा. मग कार्बोरेटरच्या बुडाशी आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांवर फवाऱ्याने साधं पाणी मारा, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) आणि वायरी वाचवून. स्लो क्षणभर बदलला तर तिथून हवा शिरते आहे. काही जण यासाठी पेट्रोल किंवा क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर ते करू नका.

जेट साफ करताना आत तार घालायची नाही. ते मापाचं भोक आहे, एक ओरखडा पडला तरी माप बिघडतं. क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते. स्लोच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण बसेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा.

सगळं ठीक असूनही गाडी किंचित कमी पेट्रोलावर चालल्यासारखी वाटली, तर इंधनाचा विचार करा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, आणि त्याची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. एमपीएफआय गाडीचा कॉम्प्युटर हा फरक भरून काढतो. कार्बोरेटर जेटच्या मापाइतकंच देतो. स्लोचं मिश्रण पुन्हा जुळवून घ्या, आणि गरज पडली तर जाणकाराकडून थोडा मोठा मेन जेट बसवा.

एमपीएफआय असलेल्या जुन्या झेन किंवा सँट्रोसाठी यातलं फारसं घरी करू नका. त्यांचा पंप टाकीत असतो आणि नळीत साधारण तीन बारचा दाब असतो, नळी सोडली तर पेट्रोल फवारतं. इग्निशन चालू केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घरघर ऐकू येते का एवढं ऐका. नाही आली तर फ्यूज आणि रिले बघा, पुढचं प्रेशर गेज असलेल्या गॅरेजवर सोडा.

काम झाल्यावर इंजिन वीस मिनिटं चालवा, हात लावलेल्या प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवा आणि ओल येते का बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर जिथे झटके खात होती त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये घेऊन जा. सपाट रस्त्यावरची चक्कर या कामाला पुरत नाही.