समारंभाचं दप्तर लावताना या चुका टाळा

जुन्या संस्थेचं दप्तर आवरायला घेतलं की पहिला हात फोटोंकडे जातो. फायलींतून सगळे फोटो काढायचे आणि एका छान अल्बममध्ये लावायचे. हेतू चांगला असतो, पण याहून मोठं नुकसान वाळवीही करत नाही. एका संस्थेत असा अल्बम माझ्या हाती आला होता. शाल, नारळ, हार, मागे अर्धाच दिसणारा फलक. सत्कार कुणाचा, कधीचा, कुणालाच सांगता येईना. दोन दिवसांनी हिशोबाच्या फायलीत फोटोवाल्याचं बिल सापडलं. त्यावरच्या तारखेची निमंत्रणपत्रिका तिसऱ्याच गठ्ठ्यात होती. तेव्हा कुठे त्या माणसाला नाव मिळालं. म्हणून एका कार्यक्रमाचे कागद एकत्रच राहू द्या. फोटो वेगळ्या पाकिटात ठेवायचाच असेल, तर फायलीत त्याच्या जागी चिठ्ठी ठेवा आणि फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं फाइल क्रमांक लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

दुसरा घोळ सालांचा. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झालं. त्या काळची इतिवृत्तं शकात आहेत. बरेच जण सरसकट ७८ मिळवतात आणि मोकळे होतात. पण शक चैत्रात बदलतो. शके १८३५ च्या भाद्रपदातली सभा १९१३ ची, आणि त्याच शकातल्या माघातली १९१४ ची, तिथे ७९ मिळवावे लागतात. पौष तर दोन्ही सालांत पाय ठेवून असतो, त्याची तिथी पंचांगात पाहावीच लागते. मूळ तिथी जशीच्या तशी उतरवा, इंग्रजी तारीख शेजारी लिहा. मूळ खोडून नवी लिहिली, की चूक शोधायची वाटच बंद होते.

पुरस्काराचंही तसंच. अमृता शेरगिल यांचं ‘थ्री गर्ल्स’ हे चित्र १९३५ चं, बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक १९३७ चं. नोंदवहीत ‘वर्ष’ असा एकच रकाना असेल, तर लिहिणारा त्यात कुठलं साल घालील याचा नेम नाही. निर्मिती, निकाल, समारंभ असे तीन रकाने आखा.

संस्थेचं नाव बदललं म्हणून जुन्या कागदांवर नवं नाव चढवू नका. १८०४ ची लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली, आणि २००२ पासून ती एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई आहे. सूचीत सगळी नावं हवीत, एकमेकांकडे बोट दाखवणारी.

लॅमिनेशन, सेलोटेप, स्टेपलच्या पिना: तिन्ही नकोत.

प्रदर्शनाच्या कागदांत मात्र सगळ्यांत जास्त जपायच्या त्या पावत्या. इतिहासाच्या प्रदर्शनाला घराघरांतून तलवारी, सनदा, पोथ्या मागून आणलेल्या असतात. छापील पुस्तिका सगळे सांभाळतात, आणि कुणी काय दिलं, परत कधी नेलं, याच्या चिठोऱ्या रद्दीत जातात. पन्नास वर्षांनी एखाद्या घरातला नातू येऊन विचारतो, “आमच्या आजोबांनी सनद दिली होती ना तुमच्याकडे?” त्याला उत्तर द्यायला तोच एक चिठोरा असतो, मागे “मिळाली” असं लिहून आजोबांनी सही केलेला.