बर्फाळ प्रदेशातल्या घराचं ड्रॉइंग काढताना थंडी आणि वारा वेगळे धरू नका: या चुका टाळा

जानेवारीच्या पहाटे निफाडच्या रस्त्यानं दुचाकी चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: जाड लोकरी स्वेटर उभ्या जागी ऊब देतो, पण गाडीनं वेग घेतला की वारा त्यातून आरपार जातो. वरून साधं पातळ विंडचीटर चढवलं की तोच स्वेटर पुन्हा काम करू लागतो. नाशिकमध्ये बसून कॅनडा, नॉर्वे किंवा लडाखमधल्या इमारतींची ड्रॉइंग करणाऱ्या आमच्या मुलामुलींना मी आधी हेच आठवायला सांगतो. कारण बहुतेक चुकांचं मूळ इथंच सापडतं. थंडीचा हिशोब भिंतीच्या जाडीत उरकला जातो, वाऱ्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जातो आणि दोघं मिळून घराचं काय करतात, ते कुणीच बघत नाही.

पहिली गल्लत विंडचिलच्या, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला थंडी किती जास्त जाणवते त्या आकड्याची. तापमान उणे २० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर विंडचिल उणे ३३ येतो. मग हीटरची क्षमता उणे ३३ धरून काढली जाते. पण हा आकडा उघड्या कातडीसाठी आहे. २००१ साली कॅनडा आणि अमेरिकेनं स्वीकारलेलं सूत्र माणसाच्या चेहऱ्यावरून किती उष्णता निघून जाते, यावर बेतलेलं आहे. पाइप किंवा काच वाऱ्यात लवकर गार पडते खरी, पण वारा तिला हवेच्या उणे २० अंशांखाली नेऊ शकत नाही.

म्हणून वारा हिशोबातून काढून टाकायचा, असं मात्र नाही. तो फटींतून येतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. शिवाय उणे ३० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे २० टक्के जड असते, त्यामुळे त्याच वेगाचा वारा तिथं जास्त जोरानं रेटतो. समोरच्या भिंतीतून गार हवा आत घुसते आणि पाठीमागच्या बाजूनं घरातली गरम हवा ओढली जाते. उंच इमारतीत आणखी भर पडते: गरम हवा वर चढून वरच्या मजल्यांतून निसटते आणि तळमजल्याचं दार बाहेरची हवा ओढून घेतं. फिरता दरवाजा १८८८ साली अमेरिकेत पेटंट झाला आणि थंड शहरांतल्या उंच इमारतींना तो फार सोयीचा ठरला, त्याचं एक कारण हेच. लहान घराला एकामागोमाग दोन दारं पुरतात. जुन्या नाशकातल्या वाड्याची देवडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना चटकन कळते. देवडी पहाऱ्यासाठी असायची, इथं मधली छोटी खोली हवा अडवते.

इन्सुलेशन जाड करून प्रश्न सुटेल हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. रॉकवूल, म्हणजे भिंतीत भरायची दगडी तंतूंची लोकर, ऊब धरतं ते तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. बाहेरून वारारोधक थर नसेल, किंवा त्याचे सांधे टेपनं बंद केले नसतील, तर वारा ती हवा हलवतो आणि बराचसा फायदा तिथंच जातो. आधी हवा अडवा, जाडी नंतर वाढवा.

आता बाल्कनी. आपल्याकडे खोलीचाच स्लॅब सरळ पुढे काढायची सवय हातात बसलेली असते. मी पहिल्यांदा थंड प्रदेशातलं घर काढलं तेव्हा मीही तेच केलं होतं आणि ज्येष्ठ सहकाऱ्यानं त्या रेषेवर लाल पेन्सिलीनं गोल केला होता. काँक्रीट उष्णता झरझर वाहून नेतं. बाहेर वाऱ्यात उभा असलेला तो स्लॅब खोलीची ऊब सतत बाहेर टाकतो. मग आतल्या बाजूला छताच्या कोपऱ्यात ओल धरते आणि काळी बुरशी येते. आतली हवा २१ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असली तरी साधारण ७ अंशांच्या पृष्ठभागावर दव जमतं. बाल्कनी वेगळ्या आधारावर उभी करा किंवा सांध्यात थर्मल ब्रेक, म्हणजे उष्णता अडवणारा तुकडा घाला.

हीच ओल भिंतीच्या पोटातही जमते. आपली वॉटरप्रूफिंगची सगळी समज पावसाळ्यातून आलेली: पाणी बाहेरून येतं, म्हणून बाहेरून अडवायचं. तिथं आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ आतून भिंतीत शिरते. व्हेपर बॅरिअर, म्हणजे वाफ अडवणारा थर, उबदार, म्हणजे आतल्या बाजूला असायला हवा. बाहेर लावला तर वाफ भिंतीतच कोंडते.

दाराची जागा ठरवताना ‘वाऱ्याच्या आडोशाला’ हे उत्तर पटकन येतं. बर्फाच्या प्रदेशात ते फसवं आहे, कारण वारा जिथं मंदावतो तिथंच बर्फ टाकतो. आडोशाचं दार सकाळी ढिगाखाली गेलेलं असतं. वारा ज्या बाजूंना घासून जातो, तिथं दार बरं. दक्षिण ध्रुवावरचं अमेरिकी केंद्र खांबांवर उचललेलं आहे आणि त्याची वाऱ्याकडची कड तिरकी आहे, ती खालून जाणारा वारा वेगवान करून बर्फ उडवून लावण्यासाठी. क्वेबेकमधल्या फेर्मों गावात तर सुमारे १.३ किलोमीटर लांबीची इमारतच उत्तरेच्या वाऱ्यासमोर भिंतीसारखी उभी केली आहे.

घर आधीच बांधून झालं असेल तर महागडं यंत्र आणण्याआधी उदबत्ती घ्या. वारा सुटलेल्या रात्री पंखे बंद करून खिडकीची चौकट, स्विचबोर्ड आणि छतातल्या दिव्यांच्या कडेनं ती हळू फिरवा. धूर सरळ वर जात असताना एखाद्या जागी अचानक आडवा झाला, तर फट तिथंच. गंगापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये धूर वाकला तो खिडकीपाशी नव्हे, एसीच्या पाइपच्या भोकापाशी.

वळचणीला बर्फाचे सुळे लोंबत असतील तर पन्हाळीला दोष देऊ नका. छतातल्या फटींतून ऊब वर जाते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो आणि ते पाणी गार वळचणीवर येऊन पुन्हा गोठतं. सुळे फोडण्याआधी माळ्यावर चढा आणि दिव्यांची, पाइपांची भोकं बंद करा.