फुटलेली कॉम्पॅक्ट पावडर घरी बसवताना या चुका टाळा

घाटंजीहून यवतमाळला लग्नासाठी निघालो असताना बसने अचानक ब्रेक मारला, वरच्या फळीवरची पिशवी खाली आली आणि माझ्या कॉम्पॅक्टचे चार मोठे तुकडे व मूठभर भुगा झाला. त्या संध्याकाळी घाईघाईने केलेली दुरुस्ती मला पुढे दोनदा मोडून पुन्हा करावी लागली. पैसे मोजून घेतलेली, अर्ध्याहून अधिक शिल्लक असलेली डबी फेकवत नाही, हे मान्यच आहे. पद्धत तशी साधी: सगळी पावडर कुटायची, स्पिरिटचे, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे, थेंब टाकून कालवायची आणि डबीत दाबून वाळवायची. मात्र ती वाचणार की वाया जाणार, हे बहुधा स्पिरिटची बाटली उघडण्यापूर्वीच ठरलेले असते.

पहिली चूक म्हणजे दुरुस्त करू नये ते दुरुस्त करणे. डबीतला आरसाही फुटला असेल, तर पावडरीत काचेचे डोळ्यांना न दिसणारे कण गेलेले असतात आणि कितीही बारीक चाळणीने ते निघत नाहीत; अशी पावडर सरळ टाकून द्यावी. सारवलेल्या जमिनीवर किंवा अंगणात सांडलेला भुगा सुपलीत भरून आणून डबीत परत घालणे हाही तसाच प्रकार, विशेषतः ती आयशॅडो असेल तर. वापरण्याची मुदत संपलेली वस्तू दुरुस्त करून तिची मुदत वाढत नाही. क्रीमच्या स्वरूपातील कॉम्पॅक्टला ही पद्धत लागूच पडत नाही.

कुटण्यात आळस

बहुतेक जणी मोठे तुकडे तसेच ठेवून केवळ भेगांवर स्पिरिट टाकतात. वरून ते सांधल्यासारखे दिसते, पण जुना घट्ट तुकडा आणि नवा भुगा यांचा घट्टपणा वेगवेगळा राहतो, त्यामुळे पुढच्या गचक्याला भेग नेमकी तिथेच उघडते. म्हणून मन घट्ट करून सगळीच पावडर मोडावी, ती प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत घालून चमच्याच्या पाठीने रगडावी आणि चिमटीत घेतल्यावर एकही कण बोचू नये इतकी मऊ करावी. माझ्या अनुभवाने या कामातला निम्म्याहून अधिक वेळ इथेच जायला हवा. स्वयंपाकघरातला खलबत्ता मात्र वापरू नये, कारण त्यात मुरलेले तिखट आणि लसूण धुऊनही पूर्ण जात नाहीत. वेगवेगळ्या रंगांच्या नक्षीची पावडर असेल, तर ती नक्षी गेली असे समजावे. रंग एक होणारच.

स्पिरिट म्हणजे गोंद नव्हे

कॉम्पॅक्टमध्ये टाल्क, अभ्रक आणि रंगद्रव्ये असतात, त्यांना धरून ठेवायला थोडे तेल किंवा झिंक स्टिअरेटसारखा पदार्थ असतो आणि कारखान्यात हे सारे यंत्राच्या दाबाखाली बसवलेले असते. आपण घालतो ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कण ओले करून त्यांना जवळ सरकू देते आणि मग उडून जाते. चिकटवण्याचे काम ते करत नाही, ते काम दाबाचे. ही गोष्ट लक्षात आली की पाणी, गुलाबजल, खोबरेल तेल, हेअर स्प्रे हे सारे पर्याय आपोआप गळतात. पाणी सावकाश सुकते आणि बुरशीला वाव देते, तर तेलामुळे वर कडक, चकचकीत थर येतो आणि पफला रंग लागत नाही.

माझी स्वतःची पहिली फजिती सॅनिटायझरने झाली. करोनाच्या काळातली अर्धी बाटली घरात होती, वासही स्पिरिटचाच येत होता, म्हणून तेच ओतले. परंतु जेलमधले घट्ट करणारे द्रव्य आणि ग्लिसरीन उडून जात नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पावडरीवर दुधावरच्या सायीसारखा चिवट पापुद्रा आला. मेडिकलमधून साधे, बिनवासाचे, बिनरंगाचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मागावे. ७० टक्क्यांचे चालते, मात्र त्यात बाकीचे पाणी असल्याने सुकायला वेळ लागतो. ९० टक्क्यांहून अधिक मिळाले तर उत्तम. रंगाच्या दुकानातले पॉलिशचे स्पिरिट मात्र घेऊ नये, त्यात विषारी मिथेनॉल असू शकते.

ओतू नये, थेंब टाकावेत. मेडिकलमधली सुई नसलेली छोटी सिरिंज यासाठी फार सोयीची. आठ-दहा थेंबांनी सुरुवात करून काडीने कालवत जावे आणि लाडवाचे बेसन जसे मुठीत दाबले की गोळा होते व बोटाने फुटते, तितक्याच ओलाव्यावर थांबावे. भज्याच्या पिठासारखे पातळ झाले, तर सुकताना पावडर आकसून कडेने सुटणार. हे काम करताना चूल, गॅस आणि उदबत्तीही विझलेली असावी, कारण स्पिरिटची वाफ लांबूनही पेट घेते.

दाबण्यासाठी धुतलेल्या सुती कापडात नाणे गुंडाळून आधी कडेने, मग मधे, सरळ खाली जोर द्यावा. नाणे फिरवू नये. आयशॅडोच्या २६ मिलिमीटरच्या लहान गोल ताटलीत दहा रुपयांचे २७ मिलिमीटरचे नाणे जात नाही, तिथे पाचचे जुने नाणे घ्यावे.

वाळवण आणि कूलर

आपल्याकडे उन्हाळ्यात जे ओले ते टिनाच्या छतावर, अशी सवय पडून गेलेली आहे. कुरड्यांच्या शेजारी ठेवलेली डबी मे महिन्यातल्या ४५ अंशांत वाळते खरी, पण प्लॅस्टिक वाकते, आरशाचा गोंद सुटतो आणि पावडरीतले तेल वर येते. कूलरसमोर ठेवणे त्याहून वाईट, कारण त्याची हवा दमट असते. झाकण उघडे ठेवून, वर जाळीदार कापड टाकून, सावलीच्या खोलीत एक पूर्ण दिवस आणि पावसाळ्यात दोन दिवस ठेवावे. ओली असताना पावडर गडद दिसते, सुकल्यावर मूळ रंग परत येतो. तेवढ्यावरून बिघडली असे समजू नये.

सुकल्यावर पफला रंग येत नसेल, तर पृष्ठभागावर सेलोटेप हलकेच लावून उचलावी, कडक थर तिच्याबरोबर निघतो. हात लावताच भुगा होत असेल, तर दाब कमी पडला. तीन-चार थेंब टाकून पुन्हा दाबावे. स्पिरिटचा वास येतो आहे तोवर तोंडाला लावू नये. सनस्क्रीनयुक्त कॉम्पॅक्ट असेल, तर दुरुस्तीनंतर तिच्यावरच्या एसपीएफच्या, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण ते सांगणाऱ्या, आकड्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नये, कारण घरच्या कालवण्याने ते घटक सगळीकडे सारखे पसरतीलच असे नाही.

एवढे करूनही घरी बसवलेली पावडर यंत्राइतकी घट्ट होत नाही, म्हणून प्रवासात पफखाली कापसाचा पातळ थर घालून झाकण लावावे. कापूस घरचा असेल तर सरकी नीट वेचून घ्यावी. एक जरी राहिली, तरी घरी पोचेपर्यंत पावडरीत तिच्या आकाराचा खळगा पडलेला असतो.