राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत: इंदूरच्या मराठी उपासनेची तयारी

लेंटची, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची, तयारी पेटी (हार्मोनियम) काढण्यापासून करू नका, कॅलेंडरपासून करा. ईस्टरची, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाची, तारीख दर वर्षी सरकते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलमधला कुठलातरी. तिथून रविवार वगळून चाळीस दिवस मागे गेलात की राखेचा बुधवार सापडतो, कपाळाला राख लावून लेंट सुरू होतो तो दिवस. आपण इंदुरात राहतो, तेव्हा पंचांगही शेजारी असू द्या. २०२४ साली ३० मार्चला रंगपंचमीची गेर, म्हणजे राजवाड्यावरून जाणारी रंगांची मिरवणूक, होती आणि ३१ला ईस्टर. अशा वर्षी वेदीसाठी निशिगंध आणि मोगरा आणायला शनिवारी राजवाड्याकडे जाता येणार नाही. फुलवाल्याला आधीच सांगून घराजवळ मागवा.

तारखा ठरल्या की सगळ्यांना गाणी निवडायची घाई होते. थांबा, आधी शास्त्रपाठ. पाळकांकडून (चर्चच्या धर्मगुरूंकडून) प्रत्येक रविवारची यादी मागून घ्या: जुन्या करारातला पाठ, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान. बऱ्याच मंडळ्या (चर्च) तीन वर्षांची वाचनमाला पाळतात. एका वर्षी मत्तयाने लिहिलेलं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मोठ्या सणांच्या दिवसांत तिन्ही वर्षी. हे वर्ष जानेवारीत बदलत नाही, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी बदलतं. त्यामुळे वहीत जुन्या वर्षाचा कागद राहिला असेल तर काढून टाका.

मग ते पाठ घरी मोठ्याने वाचा आणि वाचून झाल्यावर गाणं शोधा. राखेच्या बुधवारी स्तोत्र ५१ असतं. ‘माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ असं विनवणाऱ्या माणसाच्या तोंडी लगेच ढोलकीवरचं गाणं कसं येईल? ऐकलेल्या वचनाला मंडळी गाण्यातून उत्तर देते, असं मी मानतो. त्या उत्तरासाठी आपल्याकडे श्रीमंती आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तभक्ती अभंगाच्या, भजनाच्या वळणाने गायली. दुःखसहनाच्या आठवड्यांत ती संथ लय जितकी आत उतरते तितकं दुसरं काही उतरत नाही. पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीतंही जरूर घ्या, आमच्या आजी-आजोबांची ती पाठ होती. मात्र आधी गाऊन बघा, कारण चालीचा जोर भलत्याच अक्षरावर पडला की अर्थ तुटतो. पट्टी गायकाच्या सोयीने धरू नका. मागच्या बाकावरच्या आजींचा आवाज धृपदाला पोहोचला पाहिजे.

लेंटभर ‘हालेलूया’ हा आनंदाचा जयघोष असलेलं एकही गीत यादीत नको. मुलांना हे कारणासकट आधीच समजावून सांगा, नाहीतर त्यांना ती नुसती बंदी वाटते. सहा आठवडे गप्प ठेवलेला तो शब्द ईस्टरच्या पहाटे परत येतो तेव्हा माझ्या अंगावर दर वर्षी शहारा येतो.

वाचक निवडताना इंदूरची एक अडचण लक्षात ठेवा. आपली मुलं हिंदीत शिकतात आणि मोठी उपासनाही हिंदीतच ऐकतात. हिंदीत ‘भजन संहिता’ म्हणतात ती आपली ‘स्तोत्रसंहिता’, ‘यूहन्ना’ म्हणजे ‘योहान’, आणि ‘व्यवस्थाविवरण’ मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ या नावाने सापडतं. मुलगी पानं उलटत राहते आणि मंडळी वाट बघते, हे दृश्य मी पाहिलं आहे. म्हणून पाठ गुरुवारपर्यंत हातात द्या, पानात खूण घाला, आणि एकदा समोर बसवून वाचून घ्या. वचनांचे आकडे वाचायचे नसतात, हेही सांगा.

वेदीवरचं कापड लेंटला जांभळं, ईस्टरला पांढरं. दोन्ही धुऊन इस्त्री करून ठेवा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, शिंदीच्या झावळ्या चालतात. त्यांतल्या थोड्या वाळवून जपून ठेवल्या तर पुढच्या वर्षीची राख त्यांचीच होते.

गुड फ्रायडेला मात्र वेळ द्या. बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार. तीन लूकमधले, तीन योहानातले आणि ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हा मत्तयातला. सातांसाठी सात माणसं नेमा, त्यात एक म्हातारं आणि एक लहान असू द्या. ‘मला तहान लागली आहे’ हे दुपारच्या उन्हात चालत आलेल्या माणसाला वेगळंच ऐकू येतं, तेव्हा तिथे लगेच प्रवचन सुरू करू नका. प्रत्येक उद्गारानंतर शांतता ठेवा, नुसती म्हणायला नाही, घड्याळ लावून दोन मिनिटं. त्या दिवशी पेटी उघडू नका. एकाने ओळ सांगावी, बाकीच्यांनी मागून म्हणावी.

ईस्टरची उपासना पहाटे असल्यामुळे चहाचं पातेलं आणि घरी न्यायला-सोडायला गाड्या शनिवारीच ठरवा. फुलं उरली तर आजाऱ्यांच्या घरी द्या. पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरून शिष्य अनेक भाषांत बोलू लागले त्या सणाला, अजून सात आठवडे असतात, पण त्याचा एक निरोप याच पहाटे चहाच्या वेळी द्यायचा: प्रेषितांची कृत्ये, अध्याय २, आपण मराठी, हिंदी आणि मल्याळममध्ये वाचणार आहोत, कोण वाचेल? पार्थी, मेदी, एलामी ही त्या अध्यायातली लोकांची नावं अवघड आहेत, तयारीला ते सात आठवडे लागतात.