आफ्रिका खंडाचा भूगोल परीक्षेसाठी कसा तयार करावा

खंडाचा भूगोल म्हटला की मुलांना आधी देश, राजधान्या, नद्या यांच्या याद्या पाठ करायला बसवले जाते. घरी मुलांचा भूगोल घेऊन मला बरीच वर्षे झाली, आणि हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. सुरुवात अक्षवृत्तांपासून करावी. आफ्रिका हा त्यासाठी सर्वांत चांगला खंड आहे, कारण विषुववृत्त, कर्कवृत्त आणि मकरवृत्त ही तिन्ही वृत्ते ज्यातून जातात असा तो एकमेव खंड आहे.

कोऱ्या आराखड्याच्या सात-आठ प्रती काढून घ्याव्यात.

प्रत्येक प्रतीवर आधी तीन वृत्ते पेन्सिलीने काढावीत. पश्चिम किनारा गिनीच्या आखाताशी जिथे काटकोनात वळतो, त्याच्या किंचित खालून विषुववृत्त सुरू होते, व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर भागातून जाते आणि सोमालियाच्या दक्षिण भागात किनाऱ्याला मिळते. कर्कवृत्त इजिप्तच्या दक्षिण भागातून, तर मकरवृत्त नामिबिया, बोट्स्वाना आणि मादागास्करच्या दक्षिण भागातून जाते. अंदाजाने काढलेली रेषा एका बोटाने जरी सरकली, तरी पुढचे सगळे चुकते.

खरी कठीण पायरी हवामानाची आहे, आणि शाळेत असताना मीही तिथेच अडलो होतो. हवामानाचे प्रदेश मी क्रमाने पाठ केले होते. परंतु ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नात नामिबच्या वाळवंटाविषयी विचारले गेले, तेव्हा समुद्राला लागून वाळवंट का असावे याचे उत्तर मला सुचले नाही. म्हणून येथे घाई करू नये. विषुववृत्तावर बोट ठेवावे: तेथे तापलेली हवा वर चढते, थंड होते आणि जवळजवळ वर्षभर पाऊस पडतो, म्हणून काँगोच्या खोऱ्यात सदाहरित वने आहेत. बोट वर सरकवावे, म्हणजे क्रमाने सॅव्हाना (उष्ण गवताळ प्रदेश), सहारा आणि अगदी टोकाला भूमध्य सागरी हवामान लागते. तेच बोट खाली सरकवले की पुन्हा सॅव्हाना, कालाहारी आणि केपटाऊनजवळ पुन्हा भूमध्य सागरी हवामान लागते. वर चढलेली हवा 30 अंशांच्या आसपास खाली उतरते, उतरताना तापते व कोरडी होते. दोन्हीकडच्या वाळवंटांचे हे मुख्य कारण आहे.

एवढ्यावर थांबणारा विद्यार्थी अपवादाच्या प्रश्नात हमखास गुण गमावतो. केनिया विषुववृत्तावर असूनही तेथे काँगोसारखी सलग वने नाहीत, आणि उंच पठारावर हवा सौम्य राहते. नामिबच्या किनाऱ्यालगत बेंग्वेला हा शीत प्रवाह वाहतो. त्यावरील हवा थंड राहिल्याने वर चढत नाही, त्यामुळे धुके पडते, पण पाऊस पडत नाही. सहाराच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हेच काम कॅनरी प्रवाह करतो. याउलट मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर आग्नेय व्यापारी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, म्हणून तेथे भरपूर पाऊस पडतो. हे चार अपवाद वहीत स्वतःच्या शब्दांत, कारणांसह लिहून काढावेत. दुसऱ्याचे टिपण उतरवून काहीही साधत नाही.

नद्या त्यानंतरच घ्याव्यात आणि प्रत्येकीचा वृत्तांशी संबंध लक्षात ठेवावा: काँगो विषुववृत्त दोनदा ओलांडते, लिम्पोपो मकरवृत्त ओलांडते, आणि सुमारे 6,650 किलोमीटर लांबीची नाईल विषुववृत्ताजवळून निघून कर्कवृत्ताच्या पलीकडे भूमध्य समुद्राला मिळते. महाराष्ट्रातल्या मुलांना मी येथे कर्कवृत्त दोनदा ओलांडणाऱ्या मही नदीची आठवण देतो, आणि काँगो मग विसरली जात नाही. किलिमांजारो (5,895 मीटर) व खचदरीतील टांगानिका सरोवर त्याच प्रतीवर दाखवावे.

देश आणि राजधान्या शेवटच्या दोन दिवसांत होतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक मिटून, घड्याळ लावून, उरलेल्या प्रतींपैकी एक पूर्ण भरावी, सूचीसह. सूची नसलेल्या नकाशाचे गुण कापले जातात.