मदतनिधी गोळा करताय? या चुका टाळा

‘ऑपरेशनला अडीच लाख लागणार, तातडीने मदत करा’ असा मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की लगेच दोन तट पडतात. कुणी म्हणतं, आधी या लेकराला द्या. कुणी विचारतं, शाळेच्या वह्यांसाठी ठरलेले पैसे इकडे का वळवायचे? हा वाद बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यावर चालतो. अडीच लाख हा दवाखान्याचा अंदाज असतो. ग्रुपने बोलायचं ते सगळ्या योजना लागल्यावर उरणाऱ्या रकमेवर.

म्हणून सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी वर्गणी, मग चौकशी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतले उपचार कॅशलेस असतात आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. बिल भरून गेलात तर हाती काही लागत नाही. एकाने रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (रुग्णांना मदत करायला तिथे बसणारा योजनेचा माणूस) गाठावं. दवाखाना योजनेत नसेल, तर सिव्हिलला तेच ऑपरेशन होतं का, ते विचारावं. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तिथल्या समाजसेवकाला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो. रुग्ण सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली विडी कामगार असेल तर तिचं विडी कामगार ओळखपत्र पाहा, टॉवेल कारखान्यातला कामगार असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड. एवढं झाल्यावर समजा बाहेरची औषधं, प्रवास आणि नातेवाइकांचं जेवण मिळून १८ हजार उरले, तर तेवढे जमवताना वह्यांच्या पैशांना हात लावायची वेळ सहसा येत नाही.

दुसरी चूक पैसे कुणाच्या तरी खात्यावर घेण्याची. शंभर अनोळखी लोकांचे पैसे एका खात्यात आले आणि त्यातला एखादा व्यवहार सायबर फसवणुकीचा निघाला, तर खातं गोठू शकतं आणि पेशंटचे पैसे आत अडकतात. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांवर रक्कम आली की आयकराचा प्रश्न येतो. त्यापेक्षा थेट रुग्णालयाच्या खात्यावर, पेशंटचा आयपीडी (भरती) नंबर लिहून भरा आणि पावती ग्रुपवर टाका. नोंदणीकृत ट्रस्ट नसताना लोकांकडून वर्गणी घ्यायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. देणगीवर आयकरात सवलत देणारी ८०जीची पावती फक्त तशी नोंदणी असलेली संस्थाच देऊ शकते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

फॉरवर्ड झालेल्या आवाहनात क्यूआर कोड बदललेला असू शकतो. स्कॅन केल्यावर दिसणारं नाव रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरला फोन करून पडताळा. फोन नंबरही मेसेजमधला नको, रुग्णालयाच्या पावतीवरचा घ्या. पैसे गेलेच तर उशीर न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आता मतदानाचं. फोटो टाकून पोल घेतला की गोंडस चेहऱ्याचं मूल जिंकतं आणि डायलिसिसवरचे म्हातारे आजोबा हरतात. हे अन्यायाचं आहे. निकष आधी, कुणाचंही नाव समोर नसताना ठरवा: दुसरा आधार आहे का, थांबलं तर काय बिघडेल, आपल्या रकमेने काम पूर्ण होईल का. मग प्रकरण फोटो आणि नाव न टाकता मांडा. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि वह्यांची तुलना करत बसू नका. वर्षाच्या सुरुवातीलाच निधीचे वाटे पाडा.

पूर आला की कपड्यांचे ढीग लागतात. २०२५च्या सप्टेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला, तशा वेळी गावाला आधी पिण्याचं पाणी, कोरडा शिधा आणि चारा लागतो. एका मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते २० किलो हिरवा चारा धरा, म्हणजे ४० जनावरांच्या वस्तीला रोज किमान ६०० किलो. टेम्पो भरण्याआधी तलाठी किंवा सरपंचांना फोन करून काय पोहोचलंय ते विचारा. पाणी ओसरल्यावर ब्लीचिंग पावडर, खराटे, फावडी आणि मुलांची दप्तरं लागतात, तोवर मात्र ग्रुप थंड पडलेला असतो. निम्मा निधी त्या दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा.