जुना हेडर घेताय? सोबत कणकेचा गोळा ठेवा

नाशिकच्या अंबड लिंक रोडला भंगारात हेडर (इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणारा पाईपांचा मॅनिफोल्ड) दिसतो, समोरचा म्हणतो "डोळे झाकून न्या, पिकअपचाच आहे", आणि आपण नेतो. मीपण नेलाय. "पिकअपचाच" या शब्दाला काडीचा अर्थ नाही. महिंद्राच्या जुन्या पिकअपला 2523 सीसीचं इंजिन टर्बोवालं (धुराच्या जोरावर जादा हवा कोंबणारं) पण आलं आणि बिनटर्बोचं पण, आणि टर्बो मॅनिफोल्डवरच बसतो, मग साधा हेडर लावून टर्बो काय टपावर ठेवणार? आधी आपलं इंजिन कोणतं ते बघा, मग बाजारात जा.

जाताना आपल्या इंजिनचं कोरं पॅकिंग (सांध्यात बसणारी गॅस्केट) घ्या आणि हेडरच्या फ्लँजवर (इंजिनला टेकणारी सपाट पट्टी) ठेवून बघा. हेडरचा पोर्ट (धुराचं तोंड) इंजिनच्या हेडच्या पोर्टपेक्षा जरा मोठा चालतो, लहान नको. कडेची भोकं थोडी लांबट असली तर घाबरू नका, लोखंड तापून वाढतं म्हणून ती तशीच ठेवतात. पण टॉमीने (लोखंडी पहारीने) रेटून भोक जुळवावं लागत असेल तर सोडून द्या, हेडमधला स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला की हेडरच्या किमतीपेक्षा जास्त खर्च तिथेच होतो.

फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरा, खालून 0.2 मिमीची फीलर गेजची पाती शिरली तर फेसिंगचा (घासून सपाट करायचा) खर्च धरून भाव करा. क्रॅकसाठी आतून रॉकेल, बाहेरून खडूची पूड, ओली रेघ उमटली की नको.

आता खरी गोम. हेडर हेडला बसला म्हणजे गाडीला बसला असं नाही. माझा मस्त बसला होता, स्टिअरिंगच्या रॉडपासून बोटभर नाही पण पेन्सिलभर जागा होती, मी म्हटलं बास झालं. गाडी उभी असताना काही नाही, नाशिकात फिरवली तरी काही नाही, आणि मुंबईहून माल भरून येताना कसारा घाटात दुसऱ्या गिअरला दाबली की टक टक टक. हेडर स्टिअरिंगच्या रॉडला लागत होता! घाटात स्टिअरिंग अडखळलं की काय होतं ते मी इथे लिहीत नाही. कारण साधं, लोड आला की इंजिन फाउंडेशनवर (ज्या रबरांवर ते बसतं त्यावर) एका बाजूला कलतं, आणि जुन्या गाडीचे रबर मेलेले असतात त्यामुळे जास्तच कलतं.

म्हणून भंगारवाल्याकडून "दोन दिवसांत परत घेईन" असं चिठ्ठीवर लिहून घ्या, नाही म्हणाला तर पुढचं दुकान. इंजिन गार असताना जुना मॅनिफोल्ड काढा, हेडर पॅकिंगसकट चार नटांवर हातानेच बसवा. घट्ट मळलेल्या कणकेचे जाड गोळे स्टिअरिंगच्या रॉडवर, ब्रेकच्या पाईपवर, स्टार्टरवर, चेसिसच्या कडेला चिकटवा (बायको हसेल, हसू द्या). मग एकाला टॉमीने इंजिन दोन्ही बाजूंना जोर लावून हलवायला सांगा, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गोळा जिथे सगळ्यात चेपलाय तिथे मोजा. स्टिअरिंगपाशी 20 मिमीच्या खाली मी घेत नाही, कोणी कितीही "चालतंय हो" म्हणू दे. पाईप ठोकून चपटा करून जागा काढणारे पण भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

तेवढ्यात मागच्या स्टडला पाना शिरतो का आणि ऑइल फिल्टर हेडर न काढता निघतो का तेही बघून घ्या.

सगळं जमलं की कणीक काढा, नट आवळा आणि मग सायलेन्सरचा पाईप जोडा. गाडी एक-दोनदा तापून पूर्ण गार झाली की नट परत आवळा.